पाहुणचाराची पदवी

१९३९ साली वाशिमला तांब्याचे काही कोरीव पत्रे सापडले. वरवर पाहता जुन्या भांड्यांच्या दुकानात मोडीत जावेत असेच ते पत्रे. पण नागपूरचे थोर संशोधक डॉ. वा. वि. मिराशी यांच्या नजरेखालून ते गेले आणि वाकाटकांच्या एका संपूर्ण शाखेचा इतिहास उजेडात आला. आपले वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, ही त्या शाखेची राजधानी. ताम्रपट आहे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, म्हणजे साधारण चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे, आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. नांदेडच्या बाजूचे एक गाव राजाने अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, एवढाच त्याचा विषय.

दान दिलेल्या गावाला राजाने कोणकोणत्या सवलती दिल्या त्यांची एक लांबलचक यादी या ताम्रपटात आहे. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या यादीपासून. या गावात सैनिकांनी शिरू नये. येथून दूध आणि फुले फुकट नेऊ नयेत. फिरतीवर आलेल्या राजसेवकांना बसायला कातडी, शेकोटीला व स्वयंपाकाला कोळसा, निजायला खाट आणि जेवायला शिजलेले अन्न पुरवण्याची सक्ती या गावावर नाही. अशा अर्थाचे हे शब्द आहेत. आता विचार करा. सवलत कशाची देतात? जी गोष्ट इतरांना चुकत नाही तिची. म्हणजे ज्या गावांना असा ताम्रपट मिळाला नव्हता, त्या सगळ्या गावांना राजाचा माणूस आला की खाट टाकावी लागे, चूल पेटवावी लागे आणि त्याला वाढावे लागे. आणि हे काम करणारा माणूस त्या गावातला कोण असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

आपण 'अतिथी देवो भव' असे शाळेच्या फळ्यावर लिहितो. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण आतिथ्याचा इतिहास एकेरी नाही. त्यात एक धारा धर्माची आहे, एक वेठीची आहे आणि बऱ्याच उशिरा आलेली तिसरी धारा आहे व्यापाराची. हल्ली आपल्या भागातली मुले 'हॉटेल मॅनेजमेंट' शिकायला जातात, काहीजण त्यापुढे जाऊन आतिथ्य-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे साध्या भाषेत त्या विषयातले एम.ए. म्हणा, घेण्याचे बोलतात. तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. पाहुण्याला वाढायचे, यात शिकायचे काय? आणि त्याची दोन वर्षांची वरची पदवी ती कसली? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र इतिहासातून शोधावे लागते.

प्रथम धर्माची धारा घेऊ. वत्सगुल्म हे तीर्थक्षेत्र. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरीत लावून दिले आहे. आणि लग्न म्हटले की पंगती आल्याच! पद्मतीर्थ, बालाजीचे देऊळ, कारंज्याचे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, मानोरा तालुक्यातले बंजारा समाजाचे पोहरादेवी, अशी एका लहानशा जिल्ह्यात किती क्षेत्रे आहेत पाहा. जेथे क्षेत्र तेथे यात्रेकरू, आणि जेथे यात्रेकरू तेथे धर्मशाळा व अन्नछत्र. हजार माणसांचे वरण एकाच कढईत कसे शिजवावे, रोडगे किती आधी भाजायला घ्यावेत, पंगतीला माणूस किती वेळ बसतो, वाढपी किती लागतात, हे ज्ञान आपल्या आचाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते लिहिलेले नाही, एवढेच.

पण एका ठिकाणी ते लिहिले गेले, आणि तेही मराठी राजाच्या हातून. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दक्षिणेत तंजावरला व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचे राज्य होते. त्या वाटेने हजारो यात्रेकरू रामेश्वरला जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी वाटेवर छत्रे बांधली. छत्र म्हणजे मुक्कामाची जागा, अन्नछत्र आणि त्यासोबत बरेच काही. त्यांपैकी ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी इ. स. १८०२ च्या सुमारास उभारले. या छत्रांचे हिशेब मोडी लिपीत ठेवलेले आहेत.

१७९९ च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनी सरकारकडे गेले. राजाकडे उरला तो किल्ला, थोडा मुलूख आणि मानमरातब. त्या वेळी सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला, बेंजामिन टोरिन याला, १८०१ मध्ये एक पत्र लिहिले. त्यातली मागणी अशी की, बाकीचे गेले ते गेले, पण ही छत्रे आणि त्यांना लावून दिलेली गावे माझ्याकडेच असू द्या. ती आपल्याकडे का असावीत हे पटवण्यासाठी तेथे काय चालते त्याचे वर्णन राजाने केले. ब्राह्मणापासून पारियापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, कोणीही येवो, त्याला अन्न मिळते. जो दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले खात नाही त्याला कोरडा शिधा मिळतो. आजारी पडला तर वैद्य आहे, विंचूकाट्याच्या आणि सापाच्या विषावर इलाज करणारा माणूस आहे. वाटेत एखादी बाई बाळंत झाली तर तिची देखभाल होते. तान्ह्या मुलांसाठी दूध असते. पोरक्या पोरांना ठेवून घेऊन शिकवले जाते. आणि कोणी तेथेच मरण पावला, तर त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे क्रियाकर्म केले जाते.

मी हे पत्र विद्यार्थ्यांना समजावून सांगतो तेव्हा त्यांना म्हणतो, हे पत्र दानाचे आहे असे समजू नका, हे व्यवस्थेचे आहे. किती प्रकारचे लोक येतील, प्रत्येकाची गरज कशी वेगळी, अडचणीच्या वेळी कोण हजर पाहिजे, खर्च कोणत्या गावाच्या उत्पन्नातून चालेल, याचा पूर्ण विचार त्यात आहे. आज ज्याला व्यवस्थापन म्हणतात ते याहून फार निराळे नाही. त्यात जातीची सावलीही आहे, ती लपवू नये. कोरड्या शिध्याची सोय का करावी लागली, हे उघड आहे. तरी दाराशी आलेल्याला हाकलून द्यायचे नाही, एवढे त्या राजाने पक्के ठरवले होते.

आता वेठीची धारा. ती वाकाटकांबरोबर संपली नाही. इंग्रजी अमलात साहेब फिरतीवर निघाला की डाकबंगल्यावर लाकूडफाटा, घोड्याला चारा, पाणी, सगळे गावाने आणून टाकायचे. मुंबई इलाख्यात हा भार महार वतनदारांवर होता. नाव वतनाचे आणि काम चोवीस तासांच्या राबणुकीचे. डॉ. आंबेडकरांनी त्याविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. पण पुढे ती वतने कायद्याने नाहीशी व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

डॉ. आंबेडकरांचे नाव आले म्हणून येथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण तो आजच्या विषयाच्या अगदी गाभ्यात आहे. १९१५ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी मिळवली. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारखान्यात पारशी नाव सांगून त्यांनी खोली घेतली. काही दिवसांत ही गोष्ट फुटली, काठ्या घेतलेले लोक दारात आले, आणि त्यांना सामान उचलून बाहेर पडावे लागले. जगातल्या नामांकित विद्यापीठाची वरची पदवी खिशात, आणि रात्र काढायला खोली नाही! उतारखान्याचा दरवाजा कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी नाही, हा आतिथ्याच्या इतिहासातला पहिला प्रश्न आहे. चमचा डाव्या बाजूला की उजव्या, हा फार पुढचा.

म्हणून आपल्या राज्यघटनेने, जी २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली, पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करून तेथे जात, धर्म, लिंग यांवरून मज्जाव करता येणार नाही असे सांगितले. पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. त्यात तर उपाहारगृहातली आणि धर्मशाळेतली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. ज्यांनी खेड्यातल्या चहाच्या दुकानाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी पाहिली आहे, त्यांना कायद्यात भांड्यांचा उल्लेख का लागतो ते समजेल. या देशात हॉटेल-व्यवसायाचा खरा कायदा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी आधी या दोहोंची नावे सांगेन.

व्यापाराची धारा आपल्याकडे आगगाडीबरोबर आली आणि गिरण्यांबरोबर वाढली. मुंबईत १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेदजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले, त्याची कथा सर्वांना माहीत असते. पण त्याच मुंबईत, परळ-लालबागच्या चाळींत, जी दुसरी हॉटेले चालत होती त्यांच्यावर पाटी नव्हती. कोकणातून आणि घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार कोण्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवे. तिला खानावळवाली म्हणत. एकेका खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक, पाळीप्रमाणे वेगवेगळ्या वेळी वाढणे, उधारी सांभाळणे, महिनाअखेर वसुली, आणि वाण्याचे व्याज! या बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला, कामगार गावी परतले, आणि कित्येक खानावळींची चूलच थंडावली. हॉटेल-व्यवसायाच्या इतिहासाच्या पुस्तकात या बायांना मी अजून हवी तेवढी जागा पाहिलेली नाही.

हे शास्त्र शाळेत केव्हा शिरले? स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८९३ साली झाक त्शुमी यांनी हॉटेलचे शिक्षण देणारी शाळा काढली. डोंगर पाहायला युरोपभरचे श्रीमंत तेथे लोटत होते आणि त्यांना सांभाळणारी शिकलेली माणसे कमी पडत होती. पहिल्या वर्गात सत्तावीस विद्यार्थी होते, आणि वर्गाची जागा होती एका हॉटेलातच. विद्यापीठाची पदवी मात्र अमेरिकेत आली. १९२२ साली कॉर्नेल विद्यापीठात हॉवर्ड मीक यांनी एकवीस विद्यार्थी घेऊन हॉटेल-व्यवस्थापनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. आणि कोणत्या विभागात? अर्थशास्त्राच्या नव्हे, कायद्याच्या नव्हे, गृहशास्त्राच्या! बायकांनी चालवलेल्या त्या विभागाने या विषयाला आसरा दिला. स्टॅटलर नावाचे मोठे हॉटेल-मालक होते. स्वतः पोरवयात हॉटेलात हमाली करून वर आलेले. हॉटेल कॉलेजात शिकता येते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. विद्यार्थ्यांनी एक दिवसाचे हॉटेल स्वतः चालवून दाखवले ते १९२७ साली त्यांनी पाहिले आणि त्यांचे मत पालटले. पुढे त्यांच्याच पैशाने त्या शाळेची भरभराट झाली. योगायोग असा की, ज्या १९२२ साली कॉर्नेलचा वर्ग भरला, त्याच साली मोहनसिंग ओबेरॉय नावाचा तरुण सिमल्याच्या सेसिल हॉटेलात कारकून म्हणून लागला. त्याने विद्या घेतली ती कोठीतल्या कोळशाच्या हिशेबापासून. पण त्याच ओबेरॉयांनी १९६६ मध्ये आपल्या हॉटेलांसाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या देशातली पहिली संस्था निघाली मुंबईत, १९५४ साली. तिची जन्मकथा तर अधिकच बोलकी आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात धान्याची टंचाई होती, शिधापत्रिकेवर रांगा होत्या. कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी यांनी अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेमार्फत 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे चालवली. तेथे तांदूळ-गव्हावाचून पोटभर जेवण कसे देता येते हे लोकांना दाखवायचे होते. रताळी, कंदमुळे, भाज्या, जे मिळेल त्यातून. या कामात त्यांच्या ध्यानात आले की, स्वयंपाक येणे वेगळे आणि शंभर माणसांना रोज, स्वच्छ, ठराविक खर्चात, वाया न घालवता जेवू घालणे वेगळे. त्यासाठी शिकवलेली माणसे हवीत. त्यातूनच या परिषदेने मुंबईची केटरिंग संस्था उभी केली. आज दादरला वीर सावरकर मार्गावर जी इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे, ती हीच.

म्हणजे पाहा, अमेरिकेत गृहशास्त्राच्या विभागात आणि हिंदुस्थानात महिलांच्या अन्न परिषदेत, दोन्हीकडे हा पाळणा बायकांनीच हलवला. आणि आपल्याकडे तर त्यामागे श्रीमंत प्रवाशांची हौस नव्हती, टंचाईच्या काळातली भूक होती. आज या शिक्षणाचे नाव काढले की डोळ्यांपुढे येतो तो काळा कोट आणि झुंबरे. मूळ मात्र रताळ्यात आहे!

दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोची परिषद दिल्लीला भरणार म्हणून सरकारने अशोक हॉटेल बांधले. परदेशी पाहुण्यांची ये-जा वाढली. १९६२-६३ च्या सुमारास दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथेही अशा संस्था निघाल्या. त्या बराच काळ अन्न खात्याकडेच होत्या. १९८२ मध्ये हे शिक्षण पर्यटन खात्याकडे आले आणि राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद स्थापन झाली. खात्यांचा हा बदल कागदावरचा दिसतो. पण अन्न हा या शिक्षणाचा मध्य होता तो हलून तेथे पर्यटक आला, असे माझे मत आहे. त्यात फायदा झाला तसे थोडे नुकसानही झाले. असो.

त्यानंतर पदविकेच्या जागी तीन वर्षांची पदवी आली, आणि तिच्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. परिषदेच्या संस्थांतून दिल्या जाणाऱ्या या पदव्या आधी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या होत्या, नंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या. मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मौलाना आझाद शिक्षण संस्थेने ताज समूहाच्या सहकार्याने १९८९ साली हॉटेल व्यवस्थापनाची संस्था काढली. आपल्या वाशिमहून मुंबईपेक्षा ती कितीतरी जवळ.

या वरच्या पदवीत शिकवतात काय? पोळी कशी लाटावी, पलंगाची चादर कशी ताणावी, हे तीन वर्षांच्या पदवीतच हाताखालून गेलेले असते. पदव्युत्तर वर्गात पैशाचा हिशेब, माणसांची निवड आणि वागणूक, बाजारपेठ, संख्याशास्त्र आणि संशोधनाची रीत हे विषय येतात, आणि शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. पहिल्या पदवीत 'कसे' याचे उत्तर मिळते, दुसरीत 'असेच का' हे विचारायचे असते. एखाद्या हॉटेलात दर महिन्याला चार वाढपी काम सोडून जातात. पहिली पदवी असलेला माणूस नवे चार शोधतो. दुसरी पदवी खरोखर पचवलेला माणूस ते का जातात हे शोधतो. मग त्याला कळते की रात्रीची पाळी संपल्यावर त्यांना घरी जायला बसच नाही!

आता आपल्या घरातली गोष्ट. एका विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे आले होते. शेतकरी माणूस. म्हणाले, "सर, पोराले येवढं शिकोलं, थे का लोकायचे उष्टे ताटं उचल्याले?" या वाक्यात चार-पाच शतकांचा इतिहास आहे. ज्यांच्या घराण्याने वेठ पाहिली, त्यांना वाढण्याच्या कामात सेवा दिसत नाही, गुलामी दिसते. आणि ज्यांच्या घराण्याने वेठ घेतली, त्यांना ते काम हलके वाटते. दोन्हीकडून मुलाची वाट अडते. मी त्यांना एवढेच सांगितले की, वेठीत मोबदला नव्हता, नकार देण्याची सोय नव्हती आणि नाव नव्हते. या तिन्ही गोष्टी जेथे मिळतात ते काम वेठ नव्हे. पण मुलाने नोकरी धरण्याआधी त्या तिन्ही मिळतात की नाही हे नीट पाहावे, हेही मी सांगितले. कारण या धंद्यात पाळ्या लांब असतात, सणासुदीला सुट्टी नसते, इतरांची दिवाळी असते तेव्हाच यांचे काम दुप्पट होते, आणि सुरुवातीचा पगार पुष्कळदा निराश करणारा असतो. हे लपवून केवळ चकचकीत माहितीपत्रक दाखवणे म्हणजे मुलाची फसवणूक होय.

माझा स्वतःचा कल असा आहे की, पदवी झाल्याबरोबर धावत जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेऊ नये. दोन-तीन वर्षे काम करावे, स्वयंपाकघराची धग सोसावी, रात्रपाळीला पाहुण्याचे बोलणे ऐकून घ्यावे, आणि मग प्रश्न घेऊन वर्गात बसावे. ज्याला शिक्षकी पेशात किंवा संशोधनात जायचे आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याला वरची पदवी लागतेच. आणि शिकवणाऱ्यांची गरज आहे.

वाशिम जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. १ मे १९८३ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले आणि २००५ पासून ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. बाबा स्वतः शाळा शिकलेले नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने हाती खराटा घेऊन गावे झाडली, आणि लोकांकडून आलेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ. रुग्णालयाजवळ धर्मशाळा का? तर खेड्यातून माणूस आजाऱ्याला घेऊन मुंबईला येतो, आजाऱ्याला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाने कोठे पडावे? याचा विचार तोपर्यंत फारसा कोणी केला नव्हता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्याला एम.ए. असूनही बडोद्याला उतारखान्यातून बाहेर काढले, त्याच्या संस्थेच्या हाती एक धर्मशाळा आली. आमच्या भागातला विद्यार्थी पदवीचा कागद घेतो तेव्हा त्यावर या धर्मशाळा बांधणाराचे नाव छापलेले असते, ही गोष्ट आतिथ्य-शास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी लक्षात ठेवावी.

आणि काम तर आता दाराशी आले आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, एकूण ७०१ किलोमीटरचा, आपल्या कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण रस्ता वाहता झाला. शेलू बाजारच्या शेतकऱ्याने इतक्या गाड्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. गाडीतल्या माणसाला भूक लागते, पोराला लघवीला जायचे असते, चालकाच्या डोळ्यांवर झापड येते. पोहरादेवीला रामनवमीला लाखो माणसे येतात. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ पासून बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले आहे. शिरपूरला देशभरचे जैन यात्रेकरू येतात, आणि त्यांचे जेवण सूर्यास्ताआधी झाले पाहिजे. या सगळ्यांचे आतिथ्य कोण करणार? बाहेरचा मालक येऊन आपल्या पोरांना फक्त टेबल पुसायला ठेवणार, की आपल्यातला कोणी ते चालवणार?

शिक्षकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. परिषदेच्या पदवी अभ्यासक्रमासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय असला पाहिजे. आणि देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. ज्याला इतके शिकणे शक्य नाही त्याच्यासाठी स्वयंपाक, वाढप यांचे लहान मुदतीचे वर्ग असतात. २००९ पासून केंद्राच्या पर्यटन खात्याने 'हुनर से रोजगार तक' या नावाने आठवी उत्तीर्ण तरुणांसाठीही असे प्रशिक्षण सुरू केले होते. लहान वर्गातून सुरुवात करून, काम करीत करीत, वरच्या पदवीपर्यंत जाता येते. वाट लांब आहे, पण बंद नाही.

आणि जो कोणी तेथपर्यंत जाईल, त्याला प्रबंधाला विषय हवा असेल तर मी एक सुचवून ठेवतो. पोहरादेवीच्या यात्रेत पाणी कोठून येते, किती लागते, रात्री बायका-पोरे कोठे निजतात, अन्नदानाच्या पंगतीत एका माणसामागे किती अन्न उरते आणि ते कोठे जाते, हे त्याने तीन वर्षे वही घेऊन नोंदवावे. पोहरादेवीचे आचारी आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया त्याला या विषयात बरेच शिकवतील. फक्त त्यांची नावे त्याने प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहावीत.